यादीतून गळलेली नावे

भोपाळात हॉकीच्या गोष्टी निघाल्या, की त्या फिरून फिरून बर्लिनला येऊन थांबतात. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये १५ ऑगस्ट रोजी ध्यानचंद यांच्या संघाने यजमान जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा धुव्वा उडविला, आणि सुवर्णपदक घेऊन परतलेल्या त्या पथकात अहमद शेर खान व अहसान मोहंमद खान हे दोघे आपल्या भोपाळचे होते. मराठी घरांतून या अभिमानाला आणखी एक पदर असतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्याच वर्षी बर्लिनला गेले होते, आणि आपल्या कबड्डीचे व देशी व्यायामप्रकारांचे प्रयोग त्याने तेथे परदेशी प्रेक्षकांना दाखविले. हे दोन्ही अभिमान रास्त आहेत. त्यांतून एक अक्षर कमी करावे असे आम्हांस वाटत नाही.

तथापि, या गोष्टीचा अर्धा भाग आपण सांगतो आणि अर्धा अंधारात ठेवतो, असे मात्र वाटते. आपले खेळाडू ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेले होते, त्या घरात गेली तीन वर्षे काय चालले होते? समोर जो जर्मन संघ उभा होता, तो जर्मनीतील सर्वांमधून निवडलेला होता, की काहींना आधी दाराबाहेर काढून उरलेल्यांमधून? संघाची यादी वाचताना तीत कोण आहे एवढेच पाहावयाचे, की कोणाचे नाव गळले आहे हेही पाहावयाचे, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. आणि तो केवळ जर्मनांना विचारण्याचा प्रश्न नाही.

याचे उत्तर शोधावयाचे तर हॉकी बाजूला ठेवून फुटबॉलकडे वळले पाहिजे. कारण जर्मनीत गल्लीबोळातला खेळ म्हणजे फुटबॉल. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, त्या वेळी तेथील फुटबॉलचा कारभार निरनिराळ्या विभागीय मंडळांकडे होता. कामगारांचा स्वतंत्र क्रीडासंघ होता, त्याच्या स्पर्धा वेगळ्या होत्या. चर्चशी संबंधित क्लबांचीही आपली संघटना होती. काही महिन्यांतच कामगारांचा संघ मोडून काढण्यात आला, विभागीय मंडळे बरखास्त झाली, आणि हान्स फॉन त्शामर उंड ओस्टेन या नाझी पुढाऱ्याच्या हाती साऱ्या देशाच्या क्रीडेची सूत्रे गेली. चर्चच्या क्लबांवर १९३५ मध्ये गदा आली. फुटबॉलसाठी देशाचे सोळा प्रांत पाडण्यात आले. प्रत्येक प्रांताची एक वरिष्ठ साखळी, तिला नाव ‘गाउलीगा’. आणि या सोळा साखळ्यांचे विजेते शेवटी राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजणार, अशी ही रचना होती.

निव्वळ खेळाच्या दृष्टीने पाहिले, तर ही रचना वाईट नव्हती, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी वरच्या वर्गात शेकडो क्लब असत आणि सामने एकतर्फी होत. आता प्रांतातले मोजके संघ एकमेकांशी भिडू लागले, चुरस वाढली, प्रेक्षकही वाढले. कोळशाच्या खाणींच्या मुलुखातल्या शाल्के या क्लबाने १९३४ ते १९४२ या अवधीत सहा वेळा विजेतेपद मिळविले, आणि त्याच्या खेळाची वर्णने जर्मनीत अजूनही चवीने वाचली जातात. व्यवस्था चोख, मैदाने भरलेली, निकाल वेळच्या वेळी वर्तमानपत्रात. सामान्य प्रेक्षकाला यात काही खुपण्यासारखे दिसलेच नाही. आणि खरा धोका नेमका तेथेच होता.

या सोळा प्रांतांपैकी एकाकडे जरा जवळून पाहू. बाडेन हा जर्मनीच्या नैर्ऋत्येचा, ऱ्हाइन नदीकाठचा मुलूख. १९१८ पर्यंत तेथे ग्रँड ड्यूकची सत्ता होती. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर ते एक संस्थानच, आणि कार्ल्सरूऽ ही त्याची राजधानी. जुन्या राजधान्यांना असतो तसा एक क्रीडाभिमान या शहरालाही होता. तेथील ‘कार्ल्सरूअर एफ. व्ही.’ हा क्लब १८९१ मध्ये स्थापन झाला, आणि १९१० मध्ये तो सबंध जर्मनीचा विजेता ठरला. त्याचा संस्थापक वाल्टर बेन्झमान हा ज्यू होता. ‘किकर’ हे जर्मनीतले सर्वांत प्रसिद्ध फुटबॉलचे नियतकालिकही १९२० मध्ये त्यानेच काढले. १९१० च्या विजेत्या संघाच्या आघाडीच्या फळीतील दोन खेळाडू, गोटफ्रीड फुक्स आणि युलियस हिर्श, हेही ज्यू होते. दोघेही जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून खेळले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध जर्मनीने सोळा गोल केले, त्यांतले दहा एकट्या फुक्सचे होते. त्याच वर्षी हॉलंडविरुद्धच्या सामन्यात हिर्शने चार गोल केले. पहिल्या महायुद्धात हिर्श जर्मनीसाठी लढला, त्याला शौर्यपदक मिळाले. त्याचा एक भाऊ त्याच युद्धात कामी आला.

आता १९३३ चा एप्रिल महिना पाहा. दक्षिण व नैर्ऋत्य जर्मनीतील डझनाहून अधिक नामांकित क्लबांनी मिळून एक निवेदन काढले. आपण नव्या राष्ट्रीय सरकारच्या सेवेस सिद्ध आहोत आणि विशेषतः क्लबांतून ज्यूंना दूर करण्याच्या कामी सहकार्य करू, असा त्याचा आशय होता. सही करणाऱ्यांत म्यूनिकचा बायर्न, न्यूर्नबर्गचा क्लब, फ्रँकफुर्टचा आइनट्राख्ट ही मातब्बर नावे होती, आणि कार्ल्सरूअर एफ. व्ही. हेही होते. ज्याची स्थापना एका ज्यूने केली आणि ज्याला वैभवाचे दिवस आणण्यात दोघा ज्यूंचा मोठा वाटा होता, तोच हा क्लब.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या निवेदनाची सक्ती करणारा कोणताही कायदा त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. ७ एप्रिल रोजी जो कायदा झाला, तो सरकारी नोकरांविषयी होता. फुटबॉलच्या क्लबांशी त्याचा संबंध नव्हता. कोणी हुकूम सोडला नव्हता, कोणी बंदूक रोखली नव्हती. पुढे हुकूम येईलच असा अंदाज बांधून या मंडळींनी आधीच मान तुकविली. चिटणीस, खजिनदार, कार्यकारिणीचे सभासद अशी साधी प्रतिष्ठित माणसे होती ती. आपल्याही प्रत्येक मंडळात असतात तशी. त्यांतल्या बहुतेकांनी ज्यूंचे वाईट कधी चिंतिले नसेल. त्यांना फक्त आपला क्लब नव्या व्यवस्थेत सुरक्षित ठेवावयाचा होता.

हिर्शने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. १० एप्रिल रोजी त्याने आपल्या क्लबाला पत्र लिहिले आणि तीस वर्षांच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. ज्यांचा आता इतका द्वेष केला जात आहे त्यांतही जर्मनीवर प्रेम करणारी आणि तिच्यासाठी रक्त सांडलेली माणसे आहेत, हे त्याने त्या पत्रात संयमाने नमूद केले. पुढे तो शहरातल्या ज्यूंच्या स्वतंत्र क्लबात मुलांना खेळ शिकवू लागला. ज्यूंनी आपसांत खेळावे एवढी मुभा १९३८ पर्यंत होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील दंगलींनंतर तीही संपली. १ मार्च १९४३ रोजी हिर्शला कार्ल्सरूऽहून आउशवित्सला नेण्यात आले. तेथून तो परतला नाही. फुक्स वेळीच देशाबाहेर पडला म्हणून वाचला. तो पुढे कॅनडात राहिला. बेन्झमानही १९३३ मध्ये स्वित्झर्लंडला निघून गेला, आणि पुढल्याच वर्षी तेथे मरण पावला. १९३९ मध्ये त्याच्याच ‘किकर’ने जर्मनीच्या राष्ट्रीय खेळाडूंचा चित्रसंग्रह काढला, त्यात फुक्स आणि हिर्श ही दोन नावे नव्हती. माणसे आधी संघातून गेली आणि मागाहून इतिहासातूनही गेली.

आणि बाडेनच्या साखळीचे काय झाले? काहीच झाले नाही. १९३३ च्या हंगामात ती सुरू झाली आणि युद्ध अंगावर येईपर्यंत चालू राहिली. मॅनहाइमचे क्लब तीत वरचढ ठरले, कार्ल्सरूऽचे मागे पडले; रविवारी लोक सामन्याला गेले आणि सोमवारी कामावर. तिची कोष्टके आजही मिळतात. कोणी किती सामने जिंकले, किती गोल केले, सारे त्यांत आहे. ती वाचून जर्मनीत त्या काळी काही भयंकर घडत होते असा संशयही कोणास येणार नाही.

पुढे तर ही साखळी सैन्याच्या मागोमाग पसरत गेली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला, तसे व्हिएन्नाचे नामांकित क्लब जर्मन स्पर्धेत दाखल झाले. १९४० मध्ये फ्रान्स पडला, तेव्हा बाडेनच्या समोरच, ऱ्हाइनच्या पलीकडील अल्सास प्रांतात नवी गाउलीगा निघाली. स्ट्रासबुर्गच्या रेसिंग क्लबाला आपले फ्रेंच धाटणीचे नाव बदलावे लागले, आणि त्याच साखळीत हिटलरच्या एस. एस. दलाचा संघही खेळू लागला. व्यापलेल्या पोलंडमध्ये पोलिश लोकांना संघटित खेळच मना होता. तेथील साखळी जर्मनांपुरती. २२ जून १९४१ रोजी बर्लिनच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये अंतिम सामना झाला, आणि व्हिएन्नाच्या रापिडने शाल्केला चार विरुद्ध तीन असे हरविले. त्याच दिवशी पहाटे जर्मन सैन्य रशियात घुसले होते. सामना रद्द झाला नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, खेळाडूंचा यात काय दोष? बिचारे चेंडूच्या मागे धावले. खेळात राजकारण आणू नये, हेच तर आपण मुलांना शिकवितो. आमचे म्हणणे असे, की हे वचन चांगले आहे, पण ते सांगण्याची वेळ चुकते. हिर्शला दाराबाहेर काढले तेव्हा राजकारण मैदानात येऊन बसलेच होते. त्यानंतर जो कोणी ‘राजकारण नको’ म्हणतो, तो खरे पाहता झाले ते तसेच राहू द्या असे म्हणत असतो. अन्याय झाला त्या दिवशी हे वचन कोणी उच्चारले नाही. त्याविषयी विचारणा झाली, तेव्हाच ते आठवले.

शिवाय, सारेच एका माळेचे मणी होते असेही नाही. बायर्नचा अध्यक्ष कुर्ट लांडाउअर हा ज्यू असल्यामुळे त्याला मार्च १९३३ मध्ये पद सोडावे लागले. १९३८ मध्ये त्याला डाखाउच्या छावणीत डांबले गेले, पुढे तो स्वित्झर्लंडला गेला. युद्ध संपल्यावर तो परत आला आणि १९४७ मध्ये त्याच क्लबाने त्याला पुन्हा अध्यक्ष केले. वाईट काळातही माणसांपुढे थोडीफार निवड असते. क्लबाक्लबांमध्ये फरक पडतो तो त्यामुळेच. म्हणून तर त्यांना जाब विचारता येतो.

आता बर्लिनला गेलेल्या आपल्या माणसांविषयी. त्यांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पारतंत्र्यातल्या देशाचे ते खेळाडू. स्वतःचा झेंडासुद्धा त्यांना नव्हता. बर्लिन शहराने त्या पंधरवड्यासाठी ज्यूंविरुद्धच्या पाट्या उतरवून ठेवल्या होत्या. ग्रेटेल बेर्गमान या ज्यू मुलीने उंच उडीत त्याच उन्हाळ्यात जर्मन विक्रमाची बरोबरी केली होती, आणि तरीही तिला संघातून वगळले होते, हे त्या वेळी आलेल्या पाहुण्यांना कोण सांगणार? त्यांना ते ठाऊक नसेल. आपणांस मात्र ठाऊक आहे. म्हणून त्यांनी जी गोष्ट अर्धी पाहिली, ती आपण पुरी सांगितली पाहिजे.

पण दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखविताना आपल्या उंबरठ्याकडेही पाहावे. मुंबईत क्रिकेटचे सामने कित्येक वर्षे धर्माच्या नावाने भरत. युरोपियन व पारशी यांच्यात ते सुरू झाले, १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा, आणि १९३७ मध्ये उरलेल्यांसाठी ‘इतर’ नावाचा पाचवा संघ निघाला. ‘इतर’ म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे आपल्यासारखेच मराठी बोलणारे, पण धर्माने ख्रिस्ती. म्हणून ते ‘इतर’. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध दुसऱ्या डावात ‘इतरां’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्या डावाचे कौतुक आपण आजही करतो. पण हजारे ‘इतर’ का, हा प्रश्न किती जणांना पडतो? इंदूरच्या होळकर संघात सी. के. नायडू आणि मुश्ताक अली खांद्याला खांदा लावून खेळत; मुंबईच्या त्या सामन्यांत मात्र एक हिंदूंकडून आणि दुसरा मुसलमानांकडून. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना उघड विरोध केला. तरीही ते १९४६ पर्यंत चालले, कारण गर्दी होत होती आणि पैसा येत होता.

आणि हिंदू संघाच्या आतही सारे सरळ होते असे कोठे आहे? पाळवणकर बाळू हे त्या पिढीचे अव्वल दर्जाचे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. जन्म चांभार समाजातला. पुण्यात मैदानावर त्यांचा चेंडू सोवळ्या खेळाडूंना चाले. चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर.

नाझींचे पातक आणि आपले हे दोष एका तागडीत घालावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे खेळाडूला संघातून वगळून मृत्यूच्या छावणीत धाडले गेले नाही. हा फरक लहान नव्हे. परंतु सुरुवातीची पायरी एकच आहे. ‘हा आपल्यातला नाही’ असे कार्यकारिणीच्या बैठकीत एखादा सौम्य, सुशिक्षित माणूस म्हणतो, बाकीचे गप्प राहतात, आणि ठराव संमत होतो. त्या पायरीवरून पुढे कोठवर जाता येते, ते बाडेनच्या साखळीने दाखविले आहे.

भोपाळपुरते बोलावयाचे तर येथेही एक परीक्षा आहे. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे आपल्या शहराचे दोन खेळाडू १९४८ मध्ये लंडनला स्वतंत्र भारताकडून खेळले आणि सुवर्णपदक घेऊन आले. पुढे ते पाकिस्तानात गेले. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने पाकिस्तानचा एका गोलने पराभव केला, तेव्हा हे दोघे हरलेल्या पक्षाच्या पथकात होते. आता भोपाळच्या ऑलिंपिक खेळाडूंची यादी करावयाची झाली, तर त्यांना ‘तिकडचे’ म्हणून गाळावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: गाळू नये. ज्या मैदानांवर ते घडले, ती मैदाने येथलीच आहेत. देश दुभंगला म्हणून १९४८ चे सुवर्णपदक दुभंगत नाही. दोन्ही ओळी लिहाव्यात. १९४८ ची आणि १९५६ चीही. वाचणाऱ्याला काय वाटावयाचे ते वाटू द्यावे.

जर्मनांनी उशिरा का होईना, हे केले. तेथील फुटबॉल महामंडळाने नाझी काळातील स्वतःच्या वर्तनाचा अभ्यास एका इतिहासकाराकडून करवून घेतला आणि तो २००५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून युलियस हिर्श याच्या नावाने पारितोषिक देण्यास आरंभ झाला. वंशद्वेष व भेदभाव यांविरुद्ध उभे राहणाऱ्यांना ते देतात. त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्याचे नाव चित्रसंग्रहातून पुसले, त्याचेच नाव मानचिन्हावर आले. हिर्शला याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याला नाही, पण आज कोणत्याही क्लबाच्या बैठकीत बसलेल्या चिटणिसाला आहे.

आपल्या मंडळांचे, वाचनालयांचे, आखाड्यांचे सुवर्णमहोत्सव आणि शताब्दी होतच असतात. स्मरणिका निघतात, संस्थापकांची छायाचित्रे, देणगीदारांची नावे, जिंकलेल्या ढाली हे सारे त्यांत असते. आमची एकच सूचना आहे. पुढली स्मरणिका काढताना जुनी इतिवृत्ते एकदा नीट चाळावीत. कोणाचा सभासदत्वाचा अर्ज कोणत्या साली नामंजूर झाला, पाणी कोणासाठी वेगळे ठेवले जाई, कोणत्या वस्तीतली मुले मैदानाच्या कडेला उभी राहून नुसती पाहत असत, हे सापडले तर तेही छापावे. जे सापडणार नाही, ते वृद्ध मंडळींना विचारावे. ती आहेत तोवर. यात संस्थेची अप्रतिष्ठा होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आणि त्या पानावर ज्यांची नावे येतील त्यांची नातवंडे याच शहरात असतील, तर समारंभाचे पहिले निमंत्रण त्यांच्या घरी जावे.